थीम ठरली, प्रश्न ठरायचा राहिला : बालवाडीतल्या 'हॅलोवीन डे'ची समीक्षा



पीएचडीच्या मुलाखतीत "अमुक एका अभ्यासाची समीक्षा करा" असं म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण त्या अभ्यासाचा सारांश सांगायला लागतात. कोणी केला, कधी केला, नमुना किती, निष्कर्ष काय. समितीला हवं असतं ते वेगळंच : या अभ्यासाने जे शोधायचं ठरवलं, ते या पद्धतीने सापडू शकतं का? आज त्याचाच सराव करूया.

सरावासाठी मी जर्नलमधला पेपर घेतलेला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी वसई, नालासोपारा, विरारच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते तशी एक नोटीस घेतली आहे. ही कुठल्या एका शाळेची नाही, अशा नोटिशींचा साचा मी माझ्या शब्दांत मांडते आहे :

"३१ ऑक्टोबर रोजी नर्सरी, ज्युनिअर केजी व सीनिअर केजीसाठी हॅलोवीन डे साजरा होईल. ड्रेसकोड काळा किंवा नारिंगी. भूत, चेटकीण, सांगाडा, वटवाघूळ यांपैकी पोशाख. वर्गात कबरी व भोपळ्यांची सजावट असलेला स्पूकी कॉर्नर व फोटो पॉइंट. ट्रिक ऑर ट्रीटसाठी चॉकलेटं पाठवावीत. उत्तम पोशाखाला बक्षीस. उद्दिष्टे : जगातील संस्कृतींची ओळख, भीती घालवणे, आत्मविश्वास वाढवणे, मजा."

आधी आराखडा मांडून घेऊ

तुम्ही म्हणाल, ही तर साधी नोटीस, हिची कसली समीक्षा? थोडं थांबा. सिनॉप्सिसला लागतं ते जवळजवळ सगळं इथे आहे. नमुना : ३ ते ६ वर्षांची मुलं. हस्तक्षेप : एका दिवसाचा पोशाख, सजावट आणि खेळ. अपेक्षित परिणाम : भीती कमी, आत्मविश्वास जास्त, संस्कृतीची ओळख. नाही ते एवढंच, की हे परिणाम झाले की नाही हे कोण, कधी आणि कशावरून ठरवणार.

विषय हलकाही समजू नका. जूनमध्ये पहिल्यांदा आईचा हात सोडून वर्गात बसलेलं ३ वर्षांचं मूल ऑक्टोबरपर्यंत कुठे टीचरच्या चेहऱ्यावर विसंबायला शिकलेलं असतं. आणि त्या दिवशी त्याच टीचर चेहरा चेटकिणीसारखा रंगवून दारात उभ्या. हाच प्रस्ताव एखाद्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे गेला असता, तर पहिला प्रश्न आला असता : मूल घाबरलं तर तुम्ही काय करणार? नोटिशीत त्याचं उत्तर नाही. प्रयोग फसला तर त्याचा हिशेब शाळेत होत नाही, तो रात्री घरी होतो, दिवा मालवायला नको म्हणणाऱ्या मुलाजवळ बसून.

'ही आपली संस्कृती नाही' असं रिपोर्टमध्ये लिहू नका

नोटीस आली की ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया हीच येते. रिव्ह्यूअर म्हणून तुम्ही मात्र हा आक्षेप घेऊ नका. एक तर तो तपासता येत नाही, आणि वसईत तर तो तपशिलातही टिकत नाही.

हॅलोवीन हा शब्दच 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा आक्रसलेला उच्चार आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना या तारखा कोणी इंटरनेटवरून शिकवलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कबरस्तानांत त्या दिवसांत फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, प्रार्थना होते.

आता नोटिशीचं पहिलं उद्दिष्ट पुन्हा वाचा : 'संस्कृतींची ओळख'. वर्गात एखादं मूल असं असू शकतं, जे २ तारखेला आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाणार आहे. त्याला ३१ तारखेला वर्गाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची कबर दिसते, तिच्यातून प्लास्टिकचा हात बाहेर आलेला, आणि शेजारी फोटोसाठी रांग. ओळख कुणाची कुणाला झाली? सातासमुद्रापलीकडची संस्कृती दाखवताना शेजारच्या गल्लीतली राहून गेली. हा आक्षेप टिकतो, कारण तो नोटिशीने स्वतः लिहिलेल्या उद्दिष्टावरच बोट ठेवतो. समीक्षेचा पहिला नियम इथेच शिकून घ्या : आराखड्याला आधी त्याच्याच मापाने मोजायचं.

आणि परकेपणाचंच म्हणाल, तर बालवाडी तरी कुठे आपली होती? किंडरगार्टन हे नाव जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये दिलं. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोममध्ये उघडलं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तो याच विचारांतून. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत, विरारहून डहाणूची लोकल पकडली की त्याच वाटेवर.

तिथे काय झालं ते पाहा. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, खेड्यात परवडणारं नव्हतं. म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा वाडीच्या अंगणात गेली, त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. म्हणजे ताराबाईंनी बाहेरून उचलला तो प्रश्न : मुलाच्या हाताला काय दिलं म्हणजे ते आपणहून शिकेल? उत्तर त्यांनी इथल्या अंगणात शोधलं. आपली नोटीस नेमकं उलटं करते. भोपळा, चेटकीण, चॉकलेट ही तयार उत्तरं ती जशीच्या तशी आणते आणि प्रश्न तिकडेच सोडून येते.

हसू नका, आपणही हेच करतो. परदेशी प्रश्नावली घ्यायची, तिचं भाषांतर करायचं आणि शीर्षकाला 'पालघर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' ही शेपटी जोडायची. हॅलोवीनची नोटीस आणि असा सिनॉप्सिस सख्खी भावंडं आहेत.

'भीती घालवणे' : आकडे काय सांगतात आणि काय नाही

दुसरं उद्दिष्ट घेऊ. १९७६ मध्ये बाऊअर या अमेरिकन संशोधकाने मुलांना कशाकशाची भीती वाटते हे विचारलं. भुताखेतांची आणि राक्षसांची भीती सांगणारी मुलं ४ ते ६ वयोगटात ७४ टक्के होती, ६ ते ८ मध्ये ५३ टक्के, आणि १० ते १२ मध्ये फक्त ५ टक्के.

हे आकडे बघून दोन घाईचे निष्कर्ष निघतात. पहिला : "बघा, या वयात भीती सगळ्यात जास्त, म्हणजे कार्यक्रमाची गरजही सगळ्यात जास्त." दुसरा : "बघा, भीती आपोआप जाते, म्हणजे काही करायलाच नको." दोन्हीकडे सावध राहा. या अभ्यासात वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी मुलं आहेत, एकाच मुलाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा नाही. शिवाय १२ वर्षांच्या मुलाला भीती वाटत नाही, की ती सांगायची लाज वाटते, हे नुसतं विचारून कळत नाही. पण एवढं मात्र या आकड्यांवरून म्हणता येतं, की वयाचा परिणाम मोठा असण्याची दाट शक्यता आहे. मग जूनमधलं मूल मार्चमध्ये कमी भित्रं दिसलं, तर श्रेय ३१ ऑक्टोबरला द्यायचं की मधल्या नऊ महिन्यांना? आराखड्यात हे वेगळं करायची सोय नसेल, तर 'भीती घालवणे' हे उद्दिष्ट लिहू नये.

आता त्याहून महत्त्वाचं. ३ वर्षांच्या मुलाला मुखवटा म्हणजे काय, हे कळतं का? १९६९ मध्ये ऱ्हेटा डीव्ह्रीस यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर. मुलांनी ते आधी पाहिलं. मग त्याचा पुढचा भाग पडद्याआड ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला, मागचा भाग मुलांना दिसतच होता. नंतर विचारलं, हा आता कोणता प्राणी आहे? हा भुंकेल का? ३ वर्षांची बरीच मुलं मुखवट्याकडे बघून उत्तर देत होती, त्यांच्या लेखी प्राणीच बदलला होता. ६ वर्षांच्या आसपासची मुलं ठामपणे सांगत होती, की हे मांजरच आहे, मुखवटा घातलाय.

म्हणजे नोटिशीत 'नर्सरी ते सीनिअर केजी' असा जो एकच गट धरलाय, तो खरं तर एक गट नाहीच. एका टोकाला टीचरने मुखवटा घातलाय हे ओळखून हसणारं मूल आहे, दुसऱ्या टोकाला आपल्या टीचर कुठे गेल्या हे न कळलेलं मूल. दोघांना एकच स्पूकी कॉर्नर दिला तर सरासरी काढून काय हाती लागणार?

पण थांबा, डीव्ह्रीस यांचा अभ्यासही डोळे मिटून स्वीकारू नका. कल्पना करा, हाच प्रयोग तुम्हाला विरारच्या बालवाडीत मराठीतून करायचा आहे. प्रश्न कसा विचाराल? गॅदरिंगमध्ये आपण सहज म्हणतो, "आमचा सोनू वाघ झालाय." "मागच्या वर्षी ती झाशीची राणी झाली होती." मराठीत सोंग घेणाऱ्याला आपण 'झाला' म्हणतो, आणि दुधाचं दही झालं तेव्हाही 'झालं'च म्हणतो. तुम्ही मुलाला विचारलंत, "मांजर आता काय झालं?" आणि ते म्हणालं, "कुत्रा झालं", तर ते चुकलं की अस्सल मराठी बोललं? "काय दिसतंय?", "काय झालंय?" आणि "खरं काय आहे?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. १९८३ मध्ये फ्लावेल आणि सहकाऱ्यांनी दगडासारखा दिसणारा स्पंज दाखवून 'दिसतं काय' आणि 'खरं आहे काय' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. तेव्हाही ३ वर्षांच्या मुलांची गल्लत झाली, ४-५ वर्षांची मुलं बरीच सावरली. त्यामुळे वयाचा मुद्दा टिकतो. तरी साधन मराठीत आणताना 'झाला' या शब्दाने मोजमापात किती गोंधळ होतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कुणी विषय शोधत असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

कँडी विच : पुरावा कोण पुरवतं?

२००४ मध्ये जॅकलीन वूली आणि सहकाऱ्यांनी एक नवीच चेटकीण तयार केली, कँडी विच. बालवाडीतल्या मुलांना सांगितलं, की हॅलोवीनच्या रात्री ही येते, तुमचा खाऊ घेते आणि बदल्यात खेळणं ठेवून जाते. मग काही मुलांच्या घरी, पालकांच्या मदतीने, ती खरंच 'येऊन गेली'. मोठ्या मुलांमध्ये, जिच्या घरी ती येऊन गेली त्यांचा तिच्यावरचा विश्वास इतरांपेक्षा जास्त होता.

मला हा अभ्यास आवडतो, कारण तो 'मुलं भोळी असतात' या सोप्या समजुतीला धक्का देतो. मुलांनी इथे काय केलं? सकाळी उठून पाहिलं, खाऊ गेलाय, खेळणं आलंय, मोठी माणसं तेच सांगताहेत. पुराव्यावरून निष्कर्ष काढला. तर्क बरोबर होता, पुरावा मोठ्यांनी पेरला होता.

आता हेच आपल्या नोटिशीला लावा. तोंडाने सांगायचं, "भूतबीत काही नसतं", आणि वर्गात अंधार करून, आवाज लावून, भूत उभं करायचं. ४-५ वर्षांचं चौकस मूल शब्दावर विश्वास ठेवेल की कोपऱ्यात दिसलेल्या गोष्टीवर? हस्तक्षेप उद्दिष्टाच्या विरुद्ध दिशेने काम करू शकतो, ही शक्यता आराखडा लिहिणाऱ्याने स्वतःच आधी मांडायला हवी. दुसरा फरकही लक्षात घ्या. कँडी विच खेळणं ठेवून जाणारी होती आणि पालक त्या योजनेत सामील होते. नोटिशीतल्या पालकांच्या वाट्याला फक्त ड्रेसकोड येतो.

न वाचता वापरला जाणारा पेपर

हॅलोवीन आणि मुलं म्हटलं की एका अभ्यासाचं नाव निघतंच, डीनर आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा पेपर. सियाटलमधली २७ घरं, हॅलोवीनच्या रात्री आलेली १३५२ मुलं. घरातली बाई सांगते, "प्रत्येकी एकच चॉकलेट घ्या", आणि आत निघून जाते. लपून बसलेला निरीक्षक नोंद करतो. एकट्या आलेल्या आणि नाव-पत्ता विचारलेल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी जास्तीचं उचललं. गटाने आलेल्या आणि नाव न विचारलेल्यांपैकी ५७ टक्क्यांनी.

हा पेपर "मुखवटा घातला की मुलं चोरी करतात" असा सांगितला जातो. मूळ आराखडा पाहा : पोशाख सगळ्यांनीच घातले होते! बदलली होती ती गोष्ट म्हणजे नाव विचारलं की नाही. मुखवट्याचा परिणाम यात मोजलेलाच नाही. आणखी एक : नाव विचारायचं की नाही हे संशोधकांच्या हातात होतं, पण मूल एकटं आलं की गटाने, हे मुलांनी आधीच ठरवलेलं होतं. एकटी फिरणारी मुलं आणि टोळीने फिरणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात. त्यामुळे नावाबद्दलचा निष्कर्ष गटाबद्दलच्या निष्कर्षापेक्षा पक्का.

आपल्या बालवाडीला याचा थेट उपयोग कमीच, तिथे निनावी कुणी नसतं. पण एक खूण मी उचलेन : पोशाखातल्या मुलाला दिवसभर 'ए भूत' म्हणण्यापेक्षा त्याच्या नावाने हाक मारा. हा माझा अंदाज आहे, डीनर यांचा निष्कर्ष नाही. असा फरक लिहिताना नेहमी दाखवत जा.

आणि ब्लँक कुठे आहे?

मी स्वतः खाडीकाठच्या विहिरींच्या पाण्यातलं क्लोराइड मोजते. सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं, पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा आली की थांबायचं. पण त्याआधी ऊर्ध्वपातित पाण्यावर तीच कृती करावी लागते, कारण रंग बदलण्यासाठीच थोडं सिल्व्हर नायट्रेट खर्ची पडतं. त्या ब्लँकचं माप वजा केलं नाही, तर नसलेलं मीठही पाण्याच्या नावावर जमा होतं.

'मुलांना खूप मजा आली' या वाक्याचं ब्लँक कोणतं? अभ्यास नसलेला, खाऊ असलेला, नवे कपडे असलेला कुठलाही दिवस. दहीहंडी, गॅदरिंग, रेड डे, मँगो डे. तेवढी मजा वजा करून जे उरेल ते हॅलोवीनचं. कदाचित काही उरेलही, पण नोटिशीत ते शोधायची इच्छा दिसत नाही. खरोखर मोजलं जाणारं फलित एकच आहे, फोटो. प्रवेशाच्या मोसमात ते कामाला येतात, आणि यात टीचरना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना वरून थीमची यादीच मिळते. पण रिव्ह्यूअरने हे नोंदवलंच पाहिजे, की लिहिलेली उद्दिष्टं चार आहेत आणि नोंद ठेवण्याची सोय पाचव्याच गोष्टीची आहे.

देशी केलं की सुटलं?

इथे काही जण सुचवतात, "मग चेटकीण काढा आणि आपलं काहीतरी ठेवा." आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी गावांत बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, देवांचे आणि राक्षसांचेही, रात्री मशालींच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर नाचवले जातात. वसई-विरारमधल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? ओळख व्हायलाच हवी. पण म्हणून ३१ ऑक्टोबरला 'बोहाडा डे' जाहीर करून, भाड्याचे मुखवटे आणून तोच स्पूकी कॉर्नर सजवला, तर आराखड्यात काय सुधारलं? मेनार्डपुढच्या ३ वर्षांच्या मुलाला राक्षस मराठी आहे की अमेरिकन, याने फरक पडत नाही. शिवाय बोहाडा हा त्या गावांचा देवीचा उत्सव आहे, फोटोची पार्श्वभूमी म्हणून तो वापरणं म्हणजे पुठ्ठ्याच्या कबरीचीच दुसरी आवृत्ती. लेबल बदललं म्हणून द्रावण बदलत नाही.

मग मी काय मंजूर करेन?

नुसत्या चुका काढणारा रिव्ह्यूअर अर्धंच काम करतो. म्हणून माझ्या दुरुस्त्या लिहिते.

आधी प्रश्न एकच ठेवा. मी असा ठेवेन : भीतीच्या गोष्टीत मुखवटा कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा हे मुलाच्या हातात दिलं, तर ४ ते ६ वर्षांची मुलं त्या खेळात किती वेळ आणि कशी रमतात?

यासाठी भोपळा ठेवायला माझी काहीच हरकत नाही, उलट हवाच. आयर्लंड-स्कॉटलंडकडे कोरायचे ते सलगम, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. म्हणजे त्यांनीही हाताशी होतं तेच घेतलं. आपल्याकडे तर भोपळ्याची गोष्ट घरोघर आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारे वाघ-कोल्हे, "लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते" ही तिची युक्ती, आणि परतताना भोपळ्यात बसून तिचं निसटणं. या गोष्टीची रचना बघा. भीती आहे, चांगली खाऊन टाकण्याची भीती आहे. पण मूल वाघासमोर एकटं पडत नाही, ते म्हातारीबरोबर भोपळ्याच्या आत बसलेलं असतं. नोटिशीतल्या भोपळ्याला दात कोरलेत आणि तो मुलाकडे बघतो. गोष्टीतला भोपळा मुलाला पोटात घेतो.

दिवस असा आखता येईल. सकाळी वर्गात अख्खा लाल भोपळा आणा. मुलांनी तो उचलून पाहावा, टीचरनी समोर कापावा, बिया मोजाव्यात, जमलं तर घारगे करावेत. मग मुखवटे मुलांसमोरच तयार व्हावेत, जाड कागदाचे, काडीवर धरायचे. दोरीने बांधलेला मुखवटा मुलाला स्वतःला काढता येत नाही, काडीचा हात खाली केला की उतरतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात काळ्या पॉलिएस्टरपेक्षा हे अंगालाही बरं. टीचरचा चेहरा दिवसभर उघडा. गोष्ट सांगून झाली की मुलांनी आळीपाळीने वाघ, कोल्हा, म्हातारी व्हावं, मोठी टोपली किंवा चादर म्हणजे भोपळा. दार उघडं, आणि नको वाटलं तर शेजारच्या खोलीत मावशींजवळ जाऊन चित्र काढायची मोकळीक. नर्सरीच्या मुलांनी भोपळा, बिया आणि घारगे एवढ्यावरच थांबावं, मुखवट्याचा खेळ ज्युनिअर केजीपासून. बक्षीस नको, ते मिळतं आईवडिलांच्या खिशाला. कबरी तर नकोतच. २ नोव्हेंबर पाळणाऱ्या घरांतल्या कुणा आजी-आजोबांना यावंसं वाटलं, तर आपल्या माणसांची आठवण कशी काढतात हे त्यांनी दोन मिनिटांत सांगावं. भुताचा विषय न काढताही संस्कृतीची ओळख होते.

नोंद काय ठेवायची? कोण किती वेळ खेळात होतं, कोणी मुखवटा किती वेळा खाली केला, कोण शेजारच्या खोलीत गेलं, कोणी "पुन्हा" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पालकांना दोनच प्रश्न : रात्री झोप कशी झाली, आणि मुलाने घरी आपणहून काय सांगितलं.

यालाही मर्यादा आहेत आणि त्या मीच लिहायला हव्यात. एका वर्गात वीस-पंचवीस मुलं, त्यावरून जिल्ह्याबद्दल काही म्हणता येणार नाही. नोंद वर्गाच्या टीचरनीच ठेवली तर कार्यक्रम चांगला झाला असं दिसण्याकडे कल राहील, म्हणून नोंदीला दुसऱ्या वर्गाच्या टीचर बसाव्यात. आणि तुलनेसाठी दुसऱ्या एखाद्या दिवशी मुखवट्याशिवाय तीच गोष्ट खेळून पाहावी, म्हणजे ब्लँक मिळेल. एवढं करूनही 'भीती गेली' असं मी लिहू शकणार नाही. 'घाबरायचं किती, हे मुलाला स्वतः ठरवता आलं का' एवढंच लिहू शकेन.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. त्यातलं शीर्षक झाका आणि उद्दिष्टांची यादी वाचा. प्रत्येक उद्दिष्टासमोर लिहा : याची नोंद कोण ठेवणार, कधी, कशावरून. जिथे हात अडेल तिथे थीम आहे, प्रश्न अजून आलेला नाही. ते काम गाइडकडे जाण्याआधी, आज संध्याकाळीच करा.